अकरा मुलींची यादी

८ जानेवारी, बुधवार

संस्थेच्या सौरभने आज पुन्हा विचारलं, रोजची टिपणं ठेवताय ना. संस्थेला हवी ती टिपणं मी लॅपटॉपवर ठेवतेच: वर्ग किती मिनिटं चालला, किती जणी आल्या, आवाज कुठे तुटला. बाकीचं त्यात मावत नाही, म्हणून ही वही. शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी स्टाफरूमच्या कपाटातून दोन कोऱ्या वह्या उचलून आणल्या होत्या. त्यातली एक.

चौदा वर्षं मी इथे सुरतेत, गोडादऱ्याच्या मराठी शाळेत होते. पटावर मुलं उरली नाहीत. आईबापांना गुजराती हवं, नाहीतर इंग्रजी. गेल्या जूनमध्ये शाळा संपली आणि ऑक्टोबरात हे काम मिळालं. अफगाणिस्तानातल्या, सहावीनंतर शाळा बंद झालेल्या मुलींचा फोनवरचा वर्ग. माझ्याकडे एक गट आहे. अकरा मुली, तेरा ते सोळा वर्षांच्या. धडे कुणीकुणी स्वयंसेवक ध्वनिमुद्रित करून पाठवतात. ते वेळेवर पोचवणं, स्वाध्याय तयार करणं, नेट पॅक भरणं, कुणी का आली नाही ते पाहणं ही माझी कामं. प्रत्यक्ष शिकवते शकीबा. ती त्यांच्याच गावात राहते. गावाचं नाव मी इथेही लिहीत नाही.

संस्थेचा नियम क्रमांक दोन: मुलींची खरी नावं कुठेही नकोत. म्हणून त्यांनी फळांची नावं घेतली. अनार, अंजीर, तूत, खरबूज. एक आहे आलू. मी म्हटलं, बटाटा हे काय फळ आहे? तर सगळ्या हसत सुटल्या. त्यांच्याकडे आलू म्हणजे आलुबुखार.

शकीबा अकरा वर्षं पेशावरला निर्वासित म्हणून राहिली, त्यामुळे तिची उर्दू आणि माझी सुरतेतली हिंदी यांचं बरं जमतं. मला मृणालजान म्हणते. कुणी इतक्या मायेने हाक मारली की मला लगेच वाटतं, आपण कामाचे आहोत.

उषाबाई पोळ्या करता करता ऐकत असतात. आज त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, ‘ताई, तुमनी शाळाले भिंत नही, फळा नही, हजेरी मातर शे.’

१५ जानेवारी, बुधवार

काल उत्तरायण. अजून गच्चीवर पतंगांचा आरडाओरडा चालू आहे, त्यामुळे वर्ग आतल्या खोलीतून घेतला.

तूतला मॉनिटर केलं. शकीबाला मॉनिटर ही भानगड समजावून सांगावी लागली. तिथे असतात, पण वेगळं काहीतरी म्हणतात. मी म्हटलं, एका मुलीवर जबाबदारी टाकली की वर्ग सांभाळला जातो, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. तूत पंधरा वर्षांची आहे. वडील इराणात मजुरीला, घर चुलत्याच्या हाताखाली. तिने आज स्वाध्यायाचा फोटो पाठवला. मला ती लिपी येत नाही, तरी दहा मिनिटं पाहत बसले. डाव्या बाजूचं इंग्रजीही तसंच, एकेक अक्षर नीट बसवलेलं. समासाला लाल रेघ. माझ्या शाळेत असं अक्षर एकाही मुलाचं नव्हतं.

नवऱ्याला, श्रीकांतला दाखवलं. तो बँकेतून दमून आलेला. म्हणाला, छान आहे, पण फोटो ठेवायला तुला परवानगी आहे का? मी म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीत फॉर्म का शोधतोस.

२७ जानेवारी, सोमवार

मोठी बातमी. आमच्या गटाला १२ एप्रिलला परीक्षेला बसता येणार. पास झाल्या तर आठवीच्या पातळीचं प्रमाणपत्र मिळेल, आणि पुढेमागे कुठे बाहेर जाता आलं तर तिथल्या शाळा ते मानतील. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. या कागदावाचून या मुली फक्त ‘सहावी झालेल्या’ राहणार, आयुष्यभर.

प्रमाणपत्रावर खरं, पूर्ण नाव लागेल, वडिलांच्या नावासकट. सौरभने सांगितलं, एकेकीशी स्वतंत्र बोला, ऐकून थेट संस्थेच्या साइटवर टाका, दुसरीकडे कुठेही लिहू नका. वीस फेब्रुवारी शेवटची तारीख.

नावाची चूक काय करते ते मला माहीत आहे. दिपाली नावाची माझी विद्यार्थिनी होती, दहावीच्या फॉर्मवर तिच्या वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं. फॉर्म मी भरला होता. तिला नर्सिंगला घेतलं नाही, दोन वर्षं ती त्या एका अक्षरामागे ऑफिसांचे उंबरे झिजवत होती. तेव्हापासून मी पद्धत पाडली. कुठलीही यादी असो, परीक्षेची, जादा तासाची, सहलीची, पूर्ण नावांनी स्वच्छ लिहून तीन दिवस फाटकाजवळच्या फलकावर लावायची. ज्याने त्याने आपलं नाव पाहून घ्यायचं. पुन्हा कधी एकाही मुलाचं नाव चुकलं नाही. त्या फलकाचा मला अभिमान होता. आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शकीबा तयार नाही. ‘मृणालजान, काग़ज़ का क्या है, बाद में भी आ जाएगा.’ मी म्हटलं, बाद में म्हणजे कधी? मुलींना तर आत्ताच हवंय. अंजीर म्हणते, प्रमाणपत्र आलं की ती ते पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे. शेवटी शकीबा म्हणाली, तुमचं काम तुम्हाला जास्त कळतं.

या वाक्यावर मी खूश का झाले, याचा आता विचार करते आहे. ती राजी झाली म्हणून खूश झाले असेन. पण तिचा आवाज राजी झाल्यासारखा नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काम झालं!

एकेकीशी बोलायचा प्रयत्न आठवडाभर केला. कुणाचा फोन भावाकडे, कुणाचा लागतच नाही, लागला तर नाव धड ऐकू येत नाही. गुलाम की घुलाम, हैदर की हैदरी? त्यात मला दिपाली आठवत राहिली. शेवटी तूतला सांगितलं, तू मॉनिटर आहेस, सगळ्यांना विचारून यादी कर. तिने दोन दिवसांत केली. अकरा नावं, अकरा वडील, फारसीत आणि इंग्रजीत, दोन रकाने, मध्ये लाल रेघ. इतकी देखणी यादी की माझं मन भरून आलं.

दुपारी अडीचला वर्ग सुरू होताना तिचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपापलं नाव तपासा, नंतर बदल होणार नाही, आणि तूतचं अक्षर बघा किती सुंदर आहे. आठ जणींनी बरोबर आहे म्हणून कळवलं. तूतने तीन फुलं पाठवली. लाजली असणार.

शकीबा वर्गात उशिरा आली. तिने आल्या आल्या लिहिलं, कृपया हे काढा. मी लगेच काढलं. जेमतेम वीस मिनिटं होतं. वर्गानंतर फोनवर तिने फक्त उद्याच्या धड्याचं विचारलं, आवाज थकलेला होता. नियम मोडला हे खरं. पण आता नावं पक्की झाली. नमुना म्हणून ही दोन इथे उतरवून ठेवते:

(या दोन ओळी खोडल्या आहेत. २ एप्रिल.)

१५ फेब्रुवारी, शनिवार

नऊ जणी. तूत नाही, खरबूज नाही. थंडी फार आहे म्हणे तिकडे. वीज जात असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नावं साइटवर टाकली. शेवटच्या दिवशी का होईना, अकराच्या अकरा. सौरभने शाबास म्हटलं. त्याला फोटोचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

तूत पाच दिवस गैरहजर होती. मॉनिटरनेच दांडी मारावी याचा राग आला आणि काळजीही वाटली. काल तिला लिहिलं. आज उत्तर आलं, जीव भांड्यात पडला. आजारी होती म्हणे. ती नेहमी आधी सलाम लिहिते, मग माझी, श्रीकांतची, घराची चौकशी, मग एक फूल, आणि मग कुठे मुद्दा. आज सरळ दोन वाक्यं. आजारी आहे. वर्ग किती वाजता असतो? मी वर्गात सारखं सांगायचे की इंग्रजीत थोडक्यात लिहायला शिका. शिकली म्हणायची.

वेळ विसरली याचं मात्र नवल वाटलं. तापात डोकं काम करत नाही. कळवलं, शनिवार ते गुरुवार, तुमच्या घड्याळात दीड वाजता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज वर्गाला सात. पण तूतचा पुन्हा निरोप आला, याचा आनंद. उस्तादचं घर कुठे, वही पोचवायची आहे. या मुली शकीबाला उस्ताद म्हणतात. मला घर माहीत नाही, माहीत असणं नियमातही नाही. पण वही पोचवायची म्हणजे तिला अभ्यास सोडायचा नाही. म्हणून लिहिलं, अंजीरला विचार, तिला माहीत आहे, ती तुझ्याच मागच्या गल्लीत राहते ना.

ठीक, एवढंच उत्तर आलं. फूल नाही. बहुधा माझ्यावर रुसली आहे. यादी सगळ्यांसमोर टाकल्याने तिला संकोच झाला असेल. बरी झाली की कौतुक करेन, हळूच, एकटीला.

१ मार्च, शनिवार

अंजीरच्या वडिलांचा आवाजी निरोप आला, मोडक्या उर्दूत. हे गृहस्थ वर्ग चालू असताना दाराबाहेर बसून राहायचे, कुणी आलं तर खोकायचे. अंजीर एकदा हसत सांगत होती, बाबांना खोकून खोकून खराच खोकला लागलाय. आज ते म्हणाले, रमजान सुरू होतोय, घरात काम असतं, मुलगी सध्या येणार नाही. आणि मग तीनदा म्हणाले, माफ़ करना, बहनजी.

माफी कशाची मागतात? रमजानात काम असणारच. मी उलट लिहिलं, ईदनंतर नक्की पाठवा, परीक्षा जवळ आली.

३ मार्च, सोमवार

चार. आलू, अनार आणि दोघी. उपास, पाहुणे, नेट. शकीबासुद्धा पंधरा मिनिटं आधी थांबली. तिला विचारलं, सगळं ठीक? म्हणाली, ‘ठीक है, मृणालजान. आप घर में सब कैसे?’

एप्रिलपर्यंत या कशा तयार होणार, माझी झोप उडाली आहे. स्वाध्याय कमी करावे का? की तेच रटाळ झालेत?

उषाबाई रोज विचारायच्या, ‘आज कितल्या उन्यात?’ आणि मी आकडा सांगायचे. दोन दिवस झाले, त्या विचारत नाहीत.

११ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

वर्गाला कुणी आलं नाही. मी फोन घेऊन अर्धा तास बसले. उषाबाई भांडी आवरून आल्या आणि जमिनीवर बसल्या, असं त्या कधी बसत नाहीत. म्हणाल्या, ती यादी टाकली तेव्हापासून पोरी कमी झाल्या ना? मी म्हटलं, यादीचा काय संबंध, ती वीस मिनिटं होती. त्यांनी विचारलं, यादीत काय होतं? मी सांगितलं, मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

‘बापनं नाव काब्र लिखं?’

मी चिडले. म्हटलं, उषाबाई, वडिलांच्या नावाशिवाय नाव पूर्ण होत नाही, कागदावर लागतंच.

त्या म्हणाल्या, ‘पोरनं नाव पुरत नव्हतं का?’ आणि मग मंदाचं सांगितलं.

मंदा म्हणजे उषाबाईंच्या भावाची, राघोची मुलगी. माझ्याकडे नववीत होती. गणितात कच्ची, पण चिवट. मी दहा मुलींसाठी सकाळी जादा तास काढला होता आणि यादी फलकावर लावली होती, पूर्ण नावांनी. त्या फाटकासमोर चहाची लारी, म्हणजे हातगाडी होती, लूम खात्यातले, यंत्रमागांवरचे कामगार सुट्टीत तिथे चहाला यायचे. ते यादी वाचायचे. राघोला खात्यात सगळे म्हणायला लागले, तुझं नाव लागलं रे पाटीवर, ढ पोरींच्या यादीत. चार दिवस त्याने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी मंदाला घरी बसवलं. पुढच्या उन्हाळ्यात अमळनेरला तिचं लग्न झालं.

मला वाटलं होतं, ती मंडळी गावी परत गेली. पटावर मी तसंच लिहिलं होतं: स्थलांतर.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही? उषाबाई म्हणाल्या, तुम्ही पोरीचं भलंच करत होता, कसं सांगणार? आणि मंदाने आत्याला बजावलं होतं, बाईंना वाईट वाटेल, बोलू नको. उषाबाई सहा वर्षं माझ्या घरी पोळ्या करतात.

त्या गेल्यावर तूतचे निरोप काढून वाचले. वीस तारखेचा. चोवीसचा. एका दमात वाचले तर ते तूतने लिहिलेलेच नाहीत. कुणीही सांगेल. वर्ग किती वाजता असतो. उस्तादचं घर कुठे. आणि मी उत्तर दिलं. मी गल्लीसुद्धा सांगितली.

१२ मार्च, बुधवार

शकीबाचा फोन बंद. सहा वेळा.

१५ मार्च, शनिवार

शकीबाने फोन केला. बहिणीच्या घरी गेली आहे, दुसऱ्या गावी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, रडू नका, वेळ कमी आहे.

फोटो मी ग्रुपमधून काढला, पण खरबूजच्या घरच्या फोनमध्ये तो आधीच उतरलेला होता. तिच्या भावाने तो तूतच्या चुलत्याला नेऊन दाखवला. चुलत्याने अक्षर लगेच ओळखलं, कारण लहानपणी बोरूने लिहायला तूतला त्यानेच शिकवलं होतं. शकीबा म्हणते, तो वाईट माणूस नाही. पण त्याच्या हातात अकरा घरांची नावं होती, त्याच्याच पुतणीच्या हातची. उद्या सरकारकडून कुणी चौकशीला आलं असतं तर त्या अकरा घरांना त्याला जबाब द्यावा लागला असता. तो घाबरला. तूतचा फोन त्याने घेतला, हे कोण चालवतं ते शोधायला मला निरोप पाठवले, अंजीरच्या घरी गेला, तिथून शकीबाच्या. मग एकेका बापाला जाऊन सांगितलं.

घरोघर एकच प्रश्न झाला, परक्या माणसाला माझं नाव कुणी दिलं? प्रत्येक मुलीला विचारलं गेलं. सगळ्यांनी तूतचं नाव घेतलं, कारण विचारायला तूतच आली होती. मी पाठवली होती.

शकीबा दारोदार जाऊन सांगून आली की यादी तिने करायला लावली, मुलीची चूक नाही. मी म्हटलं, पण तू तर नको म्हणत होतीस. ती म्हणाली, तुमचं नाव सांगून त्या मुलीचं काय भलं होणार होतं? तुम्ही तिथे नाही आहात.

तूतचं लग्न ठरवत आहेत, ईदनंतर. पंधरा.

मला विचारायचं होतं, तुला माझा राग येतो का. विचारलं नाही. विचारलं असतं तर ती ‘नाही’ म्हणाली असती, आणि तेवढ्यासाठीच मी विचारलं असतं.

२२ मार्च, शनिवार

सौरभला सगळं सांगितलं. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. म्हणाला, ‘ताई, नियम दोन मी तुम्हाला तीनदा पाठवला होता.’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

गट बंद. अकराही जणींची परीक्षा रद्द, नावं साइटवरून काढली. माझं काम तीस एप्रिलला संपतं. अहवालाचा नमुना आलाय. सौरभ म्हणाला, ‘कारण’ या रकान्यात ‘स्थानिक सुरक्षा परिस्थिती’ लिहिलं तरी चालेल, खोटं होणार नाही, आणि तुम्हाला पुढे दुसरीकडे काम मिळेल.

श्रीकांतचंही तेच म्हणणं. त्याने चहा करून आणला, समोर बसला. म्हणाला, तू मुद्दाम केलं नाहीस. मी म्हटलं, मंदाचंही मुद्दाम केलं नव्हतं. मंदा कोण, ते त्याला माहीत नाही. सांगितलं. मग तो कप विसळायला आत गेला.

रकान्यात लिहिलं: समन्वयकाने मुलींची नावं व वडिलांची नावं असलेली, एका विद्यार्थिनीच्या हस्ताक्षरातली यादी ग्रुपवर टाकली आणि नंतर अनोळखी व्यक्तीला वर्गाची वेळ व एका मुलीच्या घराचा ठावठिकाणा कळवला. चार वेळा वाचलं. कुणा दुसरीबद्दल वाचतोय असं वाटत राहिलं. ‘समन्वयकाने’ खोडून ‘मी’ केलं. अहवालात असं लिहीत नाहीत. पाठवून दिला.

२ एप्रिल, बुधवार

मागची पानं वाचून बारा फेब्रुवारीची दोन नावं खोडली. पेन इतकं दाबलं की मागच्या पानालाही भोक पडलं.

पाडवा झाला, ईद झाली. उषाबाईंनी शेवया आणून दिल्या, त्यांच्या लिंबायतच्या शेजारणीने पाठवलेल्या. खाल्ल्या नाहीत. मग खाल्ल्या.

मी मंदाला भेटायला अमळनेरला जावं असं मनात आलं. उषाबाईंना विचारलं. म्हणाल्या, तिला आता दोन मुलं आहेत, सासू कडक आहे, तुम्ही कोण म्हणून सांगणार? नका जाऊ. मी जाणार होते ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं दिसलं.

१२ एप्रिल, शनिवार

आज परीक्षेचा दिवस होता. ऊन भयंकर. पलीकडच्या इमारतीत खाली लूम चालतात, त्यांचा आवाज उन्हाळ्यात जास्त येतो की खिडक्या उघड्या म्हणून वाटतं, कोण जाणे.

एकच्या सुमाराला नव्या नंबरवरून फोन आला. शकीबा.

तूतचा निकाह गुरुवारी झाला. तिला दूर, सीमेच्या बाजूला नेलं. शकीबाला तिच्या आईने सांगितलं, की त्याआधी दोन आठवडे चुलता रोज तिला एकच विचारत होता. परदेशातली ती बाई कोण, नाव काय, कुठली. मुलगी म्हणाली, माहीत नाही.

तिला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी त्या सगळ्यांना माझं नाव, सुरत, नवरा बँकेत, सगळं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं, मला सांगावंसं वाटलं म्हणून.

‘बच्ची ने नहीं बताया,’ शकीबा म्हणाली.

ती थांबली नाही. तिला एक गोष्ट हवी होती, आणि तेवढ्यासाठीच फोन होता. तिने पुन्हा सुरुवात केली आहे. कुठे ते सांगणार नाही. मी तोंड उघडलं तोच म्हणाली, ‘कितनी हैं, मत पूछो. कौन हैं, मत पूछो. परचा है आपके पास?’

संस्थेने आधीच पाठवलेला पेपर माझ्याकडे होता. परीक्षा रद्द झाल्यावर तो पुसून टाकायचा होता, मी पुसला नव्हता. कुणालाही द्यायचा नाही, हाही नियमच. मागच्या वेळी मला वाटलं होतं, नियमापेक्षा मला जास्त कळतं. आज मला काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, पण प्रमाणपत्र मिळणार नाही. नावाशिवाय ही परीक्षा कशात धरणार नाहीत.

ती म्हणाली, ‘मुझे मालूम है. उनको भी मालूम है.’

मी म्हटलं, फोटो पाठवू? लगेच जीभ चावली. ती म्हणाली, नाही, वाचा. मी लिहून घेते.

मग मी वाचत गेले. एकेक प्रश्न, आकडे दोनदा. फोन तीनदा तुटला, तीनदा तिने परत लावला. अपूर्णांकाचा प्रश्न तिने पुन्हा म्हणून दाखवला, तो बरोबर होता. नवव्या प्रश्नाला मागे कुणीतरी खोकलं. बाराव्याला कागदाचा आवाज झाला, एकाहून जास्त कागदांचा, किंवा एकच मोठा कागद असेल. मी कान बंद करू शकत नव्हते, पण मोजलं नाही. विसावा प्रश्न निबंधाचा: तुमच्या घराची खिडकी. शकीबाने तो लिहून घेतला, म्हणाली, बस? मी म्हटलं, बस. वेळ दोन तास.

‘अब इस नंबर पे फ़ोन मत करना, मृणालजान,’ असं म्हणून तिने फोन ठेवला.

पेपर पुसला. नंबरही पुसला. उषाबाई जेवायला बोलावून गेल्या, मी म्हटलं नंतर. तिकडे दीड वाजून गेलाय. पेपर सुरू झाला असेल. कुणाकुणाचा, ते मला माहीत नाही. दोन तास मी इथेच बसणार आहे.